पानातली मोजणी

एकतीस वर्षं मी दुसऱ्यांच्या जमिनी मोजल्या.
शंकू-साखळी, तिपाई, कानामागे पेन्सिल.
पारोळ्यापासून बोरीच्या काठापर्यंत
कुणी कुणाचा बांध कोरला
ते नुसतं ढेकूळ बघून सांगायचो.

आता दीड बिघा चवळी आहे, माझी स्वतःची,
आणि तिच्या पानापानावर
कुणीतरी मला नोटीस न देता
मोजणी करून गेलंय.

पांढरी रेघ.
शिरेपाशी अडते, वळते, परत फिरते.
सुरुवातीला केसाएवढी,
शेवटाला सुतळीएवढी.

सुपडाबाई खुरपं टेकवून म्हणाली,
"आप्पा, हाई पानवर कोन लिखी गया?"
लिहिलेलं नाही, म्हटलं, खाल्लेलं आहे.
नागअळी.
पानाच्या दोन कातड्यांमधे राहते,
वर छत, खाली जमीन,
आणि मधलं घर खात खात पुढं सरकते.
रेघ बारीक तिथं ती जन्मली,
रुंद तिथं ती आत्ता आहे.
इतका खरा नकाशा
माझ्या हातून एकदाही उतरला नाही.

मागच्या साली घाई केली.
दुकानदार म्हणाला, कडक आहे, घेऊन जा.
तीन फवारे.
पहिल्यानंतर शेत गप्प झालं.
फुलांवरचं भणभणणंही.
तिसऱ्यानंतर पानं अशी दिसू लागली
जसं भावकीच्या दाव्यातलं गटबुक,
खोडलेलं, गिरवलेलं, परत खोडलेलं.

यंदा कानबाई बोळवली
त्याच्या दुसऱ्या दिवशी बसलो दोघं बांधावर.
तिनं आषाढात वेचलेल्या निंबोळ्या,
अडीच किलो गर, पाट्यावर वाटलेला,
रात्रभर भिजवून फडक्यातून गाळलेला,
पन्नास लिटर पाणी, मूठभर साबणाचा चुरा.
आठवडाभर तिचे हात कडू.
भाकरी थापली तर भाकरी कडू.
नवरा बोलला नाही, नातू बोलला.

खालची, फार रेघाळलेली पानं खुडली,
गोणीत कोंबून तोंड बांधलं, गोणी उन्हात.
उकिरड्यावर नको.
ती पानातून उतरते, मातीत निजते,
आणि तिळाएवढी पिवळी-काळी माशी होऊन
पुन्हा दाराशी.

एक पान मात्र मी खिशात घातलं.
जुनी खोड. पुरावा ठेवायचा.
घरी चष्म्यावर भिंग धरून उन्हात पाहिलं:
रेघेच्या रुंद टोकाला अळी,
काळी, मऊ, मेलेली,
आणि तिला चिकटून आणखी एक जीव,
हिरवट, धडधाकट, तिच्यावरच पोसलेला.
एका गटात दोन खातेदार!
दुसऱ्याचं नाव कुठल्या उताऱ्यावर नाही.
एक इवलीशी गांधीलमाशी
पानाच्या कातडीतून सुई खुपसून
आपलं अंडं ठेवून गेली होती.
मागच्या साली मी हिलाच मारलं.
तीन वेळा. पैसे देऊन.

मग बांधावरचा तो डबा आठवला.
हद्दीच्या खुणांचा उरलेला पिवळा रंग,
वरून एरंडेलाचा हात,
माशा चिकटाव्यात म्हणून काठीवर उलटा घातलेला.
गेलो. मोजलं. मोजणारच.
एकशे बारा माशा,
आणि नऊ त्या.
एकीचा पंख अजून हलत होता.
काडीनं सोडवायला गेलो तर पंखच काडीला आला.

डबा काढून घेतला.
सुपडाबाई म्हणाली, मंग आता?
आता मोजायचं, म्हटलं.
दर चार दिवसांनी वीस झाडं,
कोवळ्या पानांवर रेघ किती,
त्यातल्या जित्या किती, काळ्या किती.
काळ्या वाढल्या तर पंपाला हात लावायचा नाही.
"आनि नहीं वाढ्यात ते?"
तर तुझे हात पुन्हा कडू.

ती हसली नाही. टोपली उचलली.
शेंगा लागल्या होत्या, वीतभर, लोंबत्या,
रेघाळलेल्या पानांच्याच बगलेत.
तिनं एक मोडून दाणा दाताखाली धरला.

मी वहीत तारीख घातली.
झाड पहिलं.
पानं अकरा, रेघा चार,
काळी एक.